साठ दिवसांचं स्वातंत्र्य

अमेरिकेत कुणाची नोकरी गेली की सल्ल्यांना तोटा नसतो. रेझ्युमे कसा सुधारावा, लिंक्डइनवर काय टाकावं, घराच्या हप्त्याचं बँकेशी कसं बोलावं, सगळं सांगणारे भेटतात. आरोग्यविम्याचा विषय मात्र 'कोब्रा घे, नाहीतर मार्केटप्लेसवर बघ' एवढ्यावर आटोपतो, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशानं चालू ठेव, नाहीतर सरकारी विमाबाजारात नवा शोध. ऐकायला ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात ज्याचा पगार परवा बंद झाला त्याला आपण सांगत असतो की पुढच्या सहा-आठ महिन्यांत तू किती आजारी पडशील आणि किती कमावशील याचा अंदाज बांध, त्यावर पैसे लाव, आणि अंदाज चुकला तर भोग. कायद्याच्या भाषेत याला निवडीचं स्वातंत्र्य म्हणतात. मला वाटतं, नोकरी सुटली तरी विमा आपोआप चालू राहायला हवा आणि निवड त्यानंतर सवडीनं करता यायला हवी. आज क्रम उलटा आहे. आधी विमा तुटतो, मग तो जोडायची जबाबदारी तुटलेल्या माणसावर येते.

विमा नोकरीला चिकटला कसा, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण बरेच जण ही काहीतरी विचारपूर्वक केलेली रचना आहे असं समजतात. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर रुग्णालयानं तिथल्या शाळाशिक्षकांसाठी महिन्याला पन्नास सेंटची योजना काढली. त्यात वर्षाला २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय होती. ब्लू क्रॉस या मोठ्या विमासंस्थेची सुरुवात ती. पण नोकरीशी पक्की गाठ बसली ती युद्धकाळात. १९४२ च्या कायद्यानं पगारवाढीवर मर्यादा आली, विम्यासारख्या सवलतींना मात्र त्यातून सूट मिळाली. माणसं मिळेनात आणि पगार वाढवता येईना, म्हणून कारखानदारांनी विमा देऊ केला. १९५४ च्या करसंहितेनं मालकानं भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून कायमचा वगळला. त्याच सुमारास सर्वांसाठी राष्ट्रीय विमा आणायचा अध्यक्ष ट्रुमन यांचा प्रयत्न फसला. तात्पुरती सोय कायमची झाली, आणि आज पासष्टीच्या आतल्या निम्म्याहून अधिक अमेरिकनांचा विमा नोकरीतून येतो.

इथे पुष्कळ जण म्हणतात की मूळ चूक विमा नोकरीला बांधण्याचीच. मला ते तितकंसं पटत नाही. जर्मनीनेही विमा कामाशीच बांधला, तोही १८८३ मध्ये, बिस्मार्कच्या काळात. तिथे अजूनही पगारातून वर्गणी कापली जाते. पण जर्मन कामगाराची नोकरी गेली आणि तो बेकारीभत्त्यावर आला की त्याची विम्याची वर्गणी सरकारी रोजगारसंस्था भरू लागते. विमासंस्था तीच, खिशातलं कार्ड तेच, डॉक्टर तोच. म्हणजे विमा नोकरीतून सुरू झाला म्हणून तो नोकरीबरोबर संपलाच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेनं तो संपू दिला आणि मग वरून ठिगळं लावली.

त्यातलं पहिलं ठिगळ कोब्रा. हा १९८६ च्या एप्रिलमध्ये रेगन यांच्या सहीनं लागू झालेला कायदा, आणि हे नाव म्हणजे त्या वेळच्या एका अर्थसंकल्पी कायद्याच्या आद्याक्षरांची जुळणी. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीतून बाहेर पडणाऱ्याला कंपनीचाच विमा साधारण अठरा महिने पुढे चालवता येतो. अट एवढीच की पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, वर व्यवस्थापनखर्च म्हणून दोन टक्के. एवढीच, असं म्हणतोय खरा. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या पाहणीनुसार २०२५ मध्ये नोकरीतल्या कुटुंबविम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता आणि त्यातले कामगाराच्या पगारातून सरासरी ६,८५० जात होते. नोकरीत असताना महिन्याला पावणेसहाशेच्या आत काम भागत होतं. कोब्रावर तोच विमा महिन्याला जवळजवळ २,३०० ला पडतो. म्हणजे पगार शून्यावर येतो त्याच महिन्यात हप्ता चौपट होतो. कंपनी वीसपेक्षा लहान असेल तर हा केंद्रीय कायदा लागूच नाही, राज्याचा काही असेल तर नशीब. आणि कंपनीनंच गाशा गुंडाळला, तिची विमायोजनाच बंद झाली, तर कोब्रा घेणार कशाचा?

कोब्राचं पत्र येतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. कंपनीला कळवायला तीस दिवस, पुढे योजना चालवणाऱ्याला पत्र धाडायला चौदा, असे चव्वेचाळीस दिवस कायद्यानंच दिलेले. पत्र सहसा कंपनीच्या नावानं येत नाही. हे काम दुसऱ्याच एखाद्या संस्थेकडे सोपवलेलं असतं, जिचं नाव घरात कुणी कधी ऐकलेलं नसतं. माझ्या एका मित्राच्या घरी ते असंच आलं. वहिनींनी क्रेडिट कार्डाची जाहिरात समजून ते टपालाच्या ढिगात ठेवून दिलं. पंधरा-वीस दिवसांनी मित्राचा फोन, "अरे, हे कसलं रे? यात सही करायची का?" आत दहा-बारा पानं, आणि हप्त्याचा आकडा सातव्या की आठव्या पानावर एका कोष्टकात. मी त्याला पहिलं विचारलं की पत्रावरची तारीख काय आहे, कारण साठ दिवसांचं घड्याळ पत्राच्या किंवा विमा संपल्याच्या तारखेपासून, जी नंतरची असेल तिथून, चालू झालेलं असतं.

त्या साठ दिवसांत एक पळवाट आहे, आणि जाणकार ती सर्रास वापरतात. साठ दिवस काहीच करायचं नाही. तब्येत ठणठणीत राहिली तर कोब्रा सोडून द्यायचा. पन्नासाव्या दिवशी अपेंडिक्स उठलं तर अर्ज भरायचा, पहिला हप्ता भरायला आणखी पंचेचाळीस दिवस मिळतात, मागचे सगळे हप्ते चुकते करायचे, आणि विमा पहिल्या दिवसापासून लागू धरला जातो. हुशारीची गोष्ट खरी, पण बेकायदा मुळीच नाही. अडचण ही की हे ज्याला ठाऊक त्यालाच मिळतं. शिवाय रुग्णालयाच्या खिडकीवर संगणकात त्या दिवशी 'विमा बंद' असंच दिसत असतं, आणि मागाहून लागू होईल हे तिथल्या बाईंना पटवायचं काम पोट धरून उभ्या असलेल्या माणसाचं. ज्या व्यवस्थेत सर्वात शहाणपणाचा सल्ला 'काही करू नकोस, आजारी पडलास तर बघू' हा असतो, तिला विमा म्हणणं मला जड जातं.

डिडक्टिबलचा, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण स्वतः भरायच्या रकमेचा, हिशोब आणखी वेगळा. समजा मार्चमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, वर्षाचं डिडक्टिबल भरून झालं, खिशातून करायच्या खर्चाची कमाल मर्यादाही गाठली. ऑगस्टमध्ये नोकरी गेली. कोब्रा घेतला तर भरलेलं सगळं मोजलं जातं, फिजिओथेरपी डिसेंबरपर्यंत जवळपास फुकट. मार्केटप्लेसवरची नवी योजना घेतली तर हप्ता कमी असेल, पण डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. म्हणून 'कोब्रा महाग' हे वाक्य तिशीतल्या धडधाकट मुलाला लागू पडतं, या गुडघेवाल्याला नाही. आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला कोब्राचा हक्क वेगवेगळा असतो. उपचार चालू असलेल्या एकट्या बायकोसाठी कोब्रा आणि बाकीच्यांसाठी दुसरं काही, असंही करता येतं. हे पत्रात लिहिलेलं असतं, पण समजेल असं नसतं.

आता मार्केटप्लेस. २०१० च्या परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्यानं एक मोठं काम केलं, ते मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०१४ पासून कुणालाही मधुमेह आहे, कर्करोग होऊन गेला आहे म्हणून विमा नाकारता येत नाही. त्याआधी नोकरी गेलेल्या आजारी माणसापुढे कोब्रा संपल्यावर अनेक राज्यांत अक्षरशः भिंत होती. ती भिंत पडली. नोकरीतला विमा गेल्यापासून साठ दिवस मार्केटप्लेसचं दार वर्षात कधीही उघडतं, ही सोयही चांगली. चुकवलं तर मात्र नोव्हेंबरच्या खुल्या नोंदणीची वाट पाहायची आणि नवा विमा जानेवारीपासून.

पण दारातून आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो या वर्षीच्या एकूण उत्पन्नाचा. महिन्याच्या नव्हे, अख्ख्या वर्षाच्या. हप्त्यावरची सरकारी सवलत त्यावर ठरते. फ्लोरिडातला एकटा माणूस घेऊ, वर्षाला ९०,००० डॉलर पगार, ऑगस्टअखेर नोकरी गेली. आठ महिन्यांचे ६०,००० त्यानं आधीच मिळवलेत. फ्लोरिडात बेकारीभत्ता आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, तोही राज्यात बेकारी कमी असताना बारा आठवडे. त्याचे झाले ३,३००. एकूण ६३,३००. केंद्राची वाढीव सवलत २०२५ अखेर संपली, त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या चौपटीची जुनी मर्यादा परत आली, आणि २०२६ साठी एकट्या माणसाला ती ६२,६०० डॉलर आहे. आपला माणूस सातशे डॉलरनं वर. सवलत थोडी कमी नाही, पूर्ण शून्य. आज त्याच्या घरात आठवड्याला २७५ डॉलर येत आहेत आणि संकेतस्थळ त्याला सुखवस्तू म्हणतं आहे. त्यानं तीन आठवड्यांचा बेकारीभत्ता मागितलाच नसता तर सवलत मिळाली असती! वय पन्नाशीच्या पुढे असेल तर ही सवलत महिन्याला काही शे डॉलरची भरते. कुठला शहाणा माणूस अशा हिशोबानं भत्ता सोडेल? आणि कुठल्या सरकारनं त्याला तसा विचार करायला लावावं?

बरं, अंदाज कमी सांगून सवलत घेतली आणि नोव्हेंबरात देवाच्या दयेनं चांगली नोकरी लागली, तर पुढच्या वर्षी करविवरणात ती परत करावी लागते. आधी या परतफेडीवर कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी कमाल मर्यादा होती. २०२५ च्या कायद्यानं २०२६ पासून तीही काढली, आता जास्तीची घेतलेली पै न् पै परत. लवकर नोकरी मिळाल्याचा दंड म्हणा हवं तर.

गंमत अशी की याच सरकारची मेडिकेड ही गरिबांसाठीची दुसरी योजना उत्पन्न महिन्याचं बघते. ज्या चाळीस राज्यांनी ती कमी उत्पन्नाच्या सगळ्या प्रौढांपर्यंत विस्तारली तिथे एकट्या प्रौढाचं चालू महिन्याचं उत्पन्न सुमारे १,८०० डॉलरच्या आत असलं की तो पात्र ठरतो, वर्षाच्या सुरुवातीला त्यानं कितीही कमावलेलं असो. म्हणजे हाच माणूस विस्तार केलेल्या राज्यात तेवढ्याच भत्त्यावर गरीब ठरून जवळपास मोफत विमा मिळवतो, आणि फ्लोरिडात त्याला काहीच नाही, कारण फ्लोरिडानं विस्तार केला नाही आणि मुलंबाळं नसलेल्या धडधाकट प्रौढाला तिथे मेडिकेड मिळत नाही. टेक्ससचीही तीच कथा. नोकरी गेलेल्या माणसाचं उत्पन्न मोजायची योग्य तऱ्हा सरकारला माहीत नाही असं म्हणायची सोय उरत नाही. एका खिडकीवर ती रोज वापरली जाते.

या सगळ्यात तारखांचा एक बारीक काटा असतो. काही कंपन्यांचा विमा महिनाअखेर संपतो, काहींचा शेवटच्या कामाच्या दिवशीच, आणि मार्केटप्लेसचा नवा विमा पुढच्या एक तारखेपासून सुरू होतो. दोन तारखेला काढून टाकलेल्या आणि त्याच दिवशी विमा संपलेल्या माणसाचे चार आठवडे कोरडे जातात, त्यानं त्याच संध्याकाळी अर्ज भरला तरी.

आणि इंटरनेटवर 'स्वस्त आरोग्यविमा' शोधून कुठल्याशा फॉर्मवर फोननंबर टाकला तर पुढच्या दहा मिनिटांत फोन वाजायला लागतो. दिवसभर वाजत राहतो, आठवडाभर वाजतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, महिन्याला दोनशेत सगळं मिळेल म्हणतो, आणि विकत असतो ती अल्पमुदतीची किंवा ठरावीक रक्कम देणारी योजना, जिला जुन्या आजारांचा खर्च देण्याचं बंधन नसतं. भाजी निवडताना आपण दाबून, वास घेऊन पाहतो. इथे माल कसा आहे ते रुग्णालयात गेल्यावर कळतं. खरेदीची शिस्त बाजारात चालते, कारण एकदा फसलेला दुसऱ्यांदा त्या दुकानात जात नाही. आयुष्यात दोन-तीनदाच करायच्या, तीही घाबरलेल्या अवस्थेत करायच्या खरेदीत ती शिस्त येणार कुठून?

आपल्या एच-वन-बी व्हिसावाल्यांचं दुखणं वेगळंच. नोकरी गेल्यावर देशात राहायला मुदत जास्तीत जास्त साठ दिवस, त्यात नवा मालक शोधायचा. कोब्राच्या निर्णयाला साठ दिवस, मार्केटप्लेसलाही साठ. तिन्ही घड्याळं एकदमच टिकटिकतात. मेडिकेड त्यांना सहसा मिळत नाही. मार्केटप्लेसवरची सवलत आज मिळू शकते, पण २०२५ च्या कायद्यानं २०२७ पासून ती मुख्यतः ग्रीनकार्डधारक आणि नागरिकांपुरती ठेवली आहे. बायको गरोदर असेल तर घरात विषय निघतो तो परत जायचं का, हाच. विम्याचा प्रश्न तिथे देश कोणता या प्रश्नात विरघळून जातो.

यावर ऐकू येणारा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. प्रौढ माणसाच्या गळ्यात न मागितलेला विमा का मारावा? काहींना दोन महिने विम्याविना काढायचे असतात, पैसा त्यांचा, जोखीम त्यांची. पण ही जोखीम त्यांचीच राहत नाही, हे अमेरिकेनं स्वतःच ठरवून टाकलंय. ज्या कायद्यानं कोब्रा आणला, त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. मेडिकेअरचे, म्हणजे वृद्धांच्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या रुग्णालयानं आपत्कालीन विभागात आलेल्या कुणालाही, विमा असो-नसो, तपासलं आणि स्थिर केलं पाहिजे. म्हणजे माणूस दारात कोसळला तर त्याला हाकलायचं नाही, हे १९८६ मध्येच मान्य झालं. बिल कुणीतरी भरतं, कधी रुग्णालय, कधी इतरांचे वाढलेले दर, कधी दिवाळखोरीत निघालेला तो स्वतः. आणि नको असेल त्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवता येतेच. आज 'हो' म्हणायला खटपट करावी लागते, ती 'नको' म्हणायला करावी लागावी, एवढाच फरक मी मागतोय.

दुसरा आक्षेप खर्चाचा. कोब्रावर राहणारे लोक सरासरीपेक्षा आजारी असतात, दोन टक्के जास्त घेऊनही योजनेला ते तोट्यात पडतात, अशी मालकांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण ते आजारी का असतात? चौपट हप्ता भरायला तयार होतो तो ज्याला गरज आहे तोच. धडधाकट माणसं बाहेरच राहतात. सगळेच आपोआप आत राहिले तर सरासरी खाली येईल. विम्याचं मूळ गणितच ते.

पैसे कुठून आणायचे याचीही उदाहरणं घरचीच आहेत. २००९ च्या मंदीत केंद्रानं कोब्राचा पासष्ट टक्के हप्ता भरला. कोविडनंतर, एप्रिल ते सप्टेंबर २०२१, पूर्ण हप्ता भरला. दोन्ही वेळा संकट देशाचं होतं म्हणून तिजोरी उघडली. एकट्यादुकट्याची नोकरी साध्या वर्षात जाते तेव्हा त्याच्या घरी मंदी तितकीच खरी असते. आपोआप नोंदणीही नवी नाही. कॅलिफोर्नियात मेडिकेडमधून बाहेर पडणाऱ्याला मार्केटप्लेसमधली सर्वात कमी हप्त्याची सिल्व्हर (मधल्या दर्जाची) योजना आपोआप ठरवून दिली जाते, त्यानं हप्ता भरला की ती चालू. मेरीलँडमध्ये करविवरणात एका चौकटीवर खूण केली की राज्य स्वतः बघतं हा माणूस कशाला पात्र आहे ते.

मग हेच बेकारीभत्त्याच्या अर्जाला का जोडू नये? नोकरी गेली, किती पगार होता, आता किती भत्ता मिळणार, हे सगळं राज्याला त्या अर्जातून कळतंच. त्याच अर्जावर विमा सुरू व्हावा, नोकरीतला विमा जिथे संपला तिथून, मधे एक दिवसही न जाता. पहिल्या तीन महिन्यांचा हप्ता बेकारीनिधीतून जावा, ज्यात मालक आधीपासून पैसे भरतात. उत्पन्न मोजावं ते नोकरी गेल्या दिवसापासून पुढचं, जानेवारीपासून मागचं नाही. आणि नव्या योजनेनं त्या वर्षी आधी भरलेलं डिडक्टिबल धरावं. हे शेवटचं विमाकंपन्यांना सर्वात झोंबेल, कारण वर्षाच्या मधे बदललेल्या माणसाकडून दोनदा डिडक्टिबल मिळतं, ते बंद होईल.

हे होईपर्यंत ज्यांच्यावर पाळी येते त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. सेव्हरन्सच्या, म्हणजे काढताना कंपनी देते त्या रकमेच्या, कागदावर सही करण्याआधी एचआरला विम्याची शेवटची तारीख लेखी विचारा, आणि रोख रकमेची घासाघीस करण्यापेक्षा तीन-चार महिन्यांचा कोब्रा कंपनीनं भरावा असं मागून पाहा. कंपन्या याला सहसा लवकर तयार होतात. आणि कंपनीचा वाटा पूर्ण थांबतो त्या दिवसापासून मार्केटप्लेसचे साठ दिवस पुन्हा नव्यानं मिळतात, हे बऱ्याच एचआरवाल्यांनाही माहीत नसतं.